फुगा विकतचा नाही

माझ्या फॉर्मवर परीक्षकानं लाल पेनानं एकच शब्द लिहिला होता: विकतचा. त्या शब्दाशी मी दोन दिवस भांडले, आणि खरं सांगायचं तर अजून भांडतेच आहे. म्हणून हे लिहिते. कुणाला प्रेरणा मिळावी म्हणून नाही. प्रेरणा हवी असेल त्यांनी वर्तमानपत्र उघडावं, तिथं रोज कुणाच्या तरी जिद्दीला सलाम असतो. ज्यांना साहित्य द्यायचं नसतं ते लोक जिद्दीचं कौतुक करतात, एवढं मला बारावीतच कळलं.

आमचं पत्र्याचं शेड उमरग्याला हायवेला लागून आहे. अप्पा, म्हणजे माझे वडील, तिथं ट्रकच्या दर्शनी काचा बसवतात. पुढच्या गाडीच्या टायरखालून दगड उडतो, काच तडकते, ड्रायव्हर शिव्या देत आमच्या दारात गाडी लावतो. अप्पा काचेला रबर चढवतात, रबराच्या खाचेत दोरी भरतात, काच चौकटीला टेकवतात आणि आतून दोरी ओढत जातात. रबराचा ओठ उलटून पत्र्यावर बसत जातो. काच बसली की तळहातानं थापटतात, पुसतात, आणि मग फळीवरची हळदकुंकवाची डबी काढून खालच्या कोपऱ्यात बोटानं स्वस्तिक काढतात. त्याशिवाय एकही काच आमच्या शेडमधून रस्त्यावर जात नाही. ड्रायव्हर मुसलमान असला तर डबी काढत नाहीत, नुसता काचेला हात लावून स्वतःच्या कपाळाला नेतात. पण नवी काच अशीच सोडत नाहीत.

त्या शेडच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो आणि तिथं मी विमानं करायचे. विमानंच का, हे मला आजवर इतक्या जणांनी विचारलंय की मी उत्तर देणं सोडलंय. क्रिकेट खेळणाऱ्या पोराला कुणी विचारत नाही की क्रिकेटच का. आमच्या डोक्यावरून विमानं पांढरी रेघ ओढत जातात, उमरग्यात एकही उतरत नाही. एवढं कारण पुरे.

पुठ्ठा, बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद यांचं विमान होतं. अवघड असतो तो पायलटच्या डोक्यावरचा पारदर्शक घुमट. त्याला कॅनॉपी म्हणतात. आमच्या घरात त्याला फुगा म्हणायचे. विमान कितीही चांगलं झालं आणि त्यावर सेलोटेप चिकटवलेला प्लास्टिकचा तुकडा बसवला, की ते खेळणं दिसतं. मी पहिली तीन विमानं तशीच केली आणि तिन्ही मोडून टाकली.

चौथ्याच्या वेळी ठरवलं की फुगा साच्यावर ओढायचा. साचा ट्रकच्या हौद्यातून निघालेल्या सागवानी फळीच्या तुकड्याचा. तो तासून पुढं गोल, मागं निमुळता केला, अर्ध्या कापलेल्या लांबट वांग्यासारखा. लाकूड हाताला गुळगुळीत लागतं, पण गरम प्लास्टिक त्याची रेघन्‌रेघ उचलतं, हे पहिल्या फुग्यानं शिकवलं. मग गाड्यांचे रंगारी पत्र्याचे खड्डे भरायला लावतात ती लांबी साच्यावर थापली, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं घासली, परत थापली, परत घासली. आठवडा त्यात गेला. खाली दांडा ठोकला आणि साचा ओट्यावर दोन विटांच्या फटीत उभा केला.

प्लास्टिक कुठून आणायचं? उमरग्यात दवाखाने चिक्कार. एका कंपाउंडरकडून जुने एक्स-रे मागून आणले. कुणाचा गुडघा, कुणाची छाती. ब्लीचच्या पाण्यात घासल्यावर चित्र जातं आणि निळसर फिल्म उरते. मला वाटलं, जिंकले. तापवली तर ती मऊ व्हायच्या ऐवजी आक्रसली, चारी बाजूंनी वळली आणि चुरगळलेल्या पानासारखी हातात आली. आई म्हणाली, "त्या माणसाचा गुडघा परत दुखायला लागला आसंल."

शेवटी झेरॉक्सच्या दुकानात उत्तर सापडलं. प्रोजेक्टच्या वहीवर स्पायरल बाइंडिंग करताना वरून जे जाड पारदर्शक पान लावतात, ते. दुकानदारानं विचारलं, वही कुठंय? म्हटलं, वही नाही, नुसतं पान द्या. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी हॉटेलात जाऊन नुसती प्लेट मागितली.

पान दोन चौकटींच्या मधे आवळायचं. गॅसवर तवा पालथा घालायचा, म्हणजे जाळ थेट लागत नाही. चौकट तव्याच्या वर वीतभर धरायची आणि फिरवत राहायची. पान आधी लाटांनी भरतं. घाबरून खाली घेतलं तर वाया गेलं. थांबायचं. लाटा आपोआप जातात, पान परत ताणलं जातं, आणि मग मधोमध पोट सोडतं. त्या पोटाला बघितलं की लगेच साच्यावर सरळ दाबायचं, एका दमात, हात न हलवता. लवकर दाबलं तर शेपटीकडं सुरकुत्या पडतात. उशीर झाला तर भोक पडतं. आईचा माहेरचा गाव सीमेपलीकडचा, ती भाकरी थापता थापता तव्यावर नजर ठेवून असायची आणि कानडीत ओरडायची, "साकु, साकु." पुरे, आता उचल. प्लास्टिकचं काम तिनं कधी केलं नव्हतं, पण तापलेल्या वस्तूची वेळ तिला माझ्याआधी कळायची. मी तेव्हा हे कबूल केलं नाही. चिडून म्हणायचे, "आई, तू भाकरीकडं बघ."

अप्पांना हा सगळा प्रकार पटत नव्हता. ते वाकून फुग्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "काच म्हन्तीस आन् वाकतीय की ही."

"अप्पा, काच नाही म्हणत मी. कॅनॉपी."

"काय का आसंना. पुढून दिसतंय म्हन्जे काचच."

पोतंभर फुगे वाया गेले तेव्हा एक साधला. सुरकुती नाही, बुडबुडा नाही, अंगठ्याचा ठसा नाही. खिडकीशी धरला तर हातात काही आहे की नाही कळेना. विमानावर पांढऱ्या डिंकानं बसवला, कडेनं कागदाची बारीक पट्टी लावली. अप्पांनी दोन्ही बाजूंनी वाकून बघितलं आणि पुढं शेडमध्ये गेले.

आमच्या कॉलेजात दोन दिवसांचं विज्ञान प्रदर्शन भरलं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण एका कॉलेजचं नाव लिहिलं की बाकीची निवांत होतात. प्रत्येकाच्या फॉर्मवर छापलेली ओळ होती: प्रतिकृती स्वनिर्मित आहे की विकतची. पुढं परीक्षकानं भरायची जागा. विकतची निघाली तर स्पर्धेतून बाद.

पहिल्या दिवशी परीक्षक आले. बाहेरचे, निवृत्त होत आलेले, खिशाला तीन पेनं. त्यांनी पंख बघितले, शेपटी बघितली, मान डोलावली. मग फुग्यावर नखानं टिचकी मारली.

"बाकी तू केलंस, मान्य. हे कुठनं मागवलंस?"

"मी केलंय, सर."

"ऑनलाइन?"

"घरी. गॅसवर."

ते हसले. सोबतच्या मॅडमही हसल्या. "बाळा, प्लास्टिक मोल्डिंगला मशीन लागतं. फॅक्टरी लागती. खोटं बोलू नये, विज्ञानाच्या मुलीनं तर मुळीच नाही." आणि लाल पेन काढून लिहिलं, विकतचा.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक धरण होतं. दिवे लागणारं, पाणी फिरणारं. त्याच्या बुडाला शहरातल्या दुकानाचं स्टिकर अर्धवट खरवडलेलं होतं, मी स्वतः वाचलं. त्या पोराला कुणी विचारलं नाही कुठनं मागवलंस, कारण त्याचे वडील पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या खुर्चीवर बसले होते. त्याच्या फॉर्मवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, स्वनिर्मित. कष्ट करून काम स्वच्छ उतरलं तर ते आमच्यासारख्यांचं असूच शकत नाही, आणि विकत आणून मांडलं तर ते त्यांचंच. हा हिशोब मला त्या दिवशी कळला आणि मी जी आज पत्रकं लिहीत फिरते, ती त्या दिवसापासून.

मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. चप्पल बाहेर काढायला सांगितली, काढली. म्हटलं, "सर, उद्या परीक्षकांच्या समोर फुगा करून दाखवते. जमला नाही तर विकतचा लिहू द्या, मी सही करते."

प्राचार्यांनी समोर चहा घेत बसलेल्या परीक्षकांकडं बघितलं. परीक्षक म्हणाले, "करू दे की. दहा मिनिटं देतो. पोरांची करमणूक होईल."

संध्याकाळी मी चौकट पुसली, पानं कापली, चार-पाच जास्तीची. साचा शेवटचा एकदा घासला आणि गॅसच्या ओट्यावर वाळत ठेवला. विमान रात्रीपुरतं घरी आणलं होतं, ते टेबलावर कापडाखाली.

सकाळी केस विंचरून आले तर कापड बाजूला होतं. अप्पा विमानापुढं उभे होते, उजव्या हाताचं बोट लाल-पिवळं. फुग्याच्या पुढच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, त्यांनी स्वस्तिक काढलं होतं. ओलं. चिमुकलं. ट्रकवर काढतात त्याच्या दहाव्या हिश्श्याचं, अगदी मापात.

"नवी काच हाय," ते म्हणाले. "परीक्षेला जायलीय. आशी कशी सोडू?"

मी पाण्यानं पुसलं. कुंकू निघालं, हळद पसरली. काचेवर हळद टिकत नाही. प्लास्टिकला ती धरते, हे अप्पांना माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी जन्मभर काचेलाच बोट लावलं. मी साबण लावला. पिवळा डाग आणखी मोठा झाला. मग मला अक्कल सुचली. ताईच्या लग्नातलं नेलपॉलिश काढायचं औषध कपाटात होतं. कापसावर घेऊन घासलं. हळद गेली. आणि माझ्या डोळ्यांदेखत फुगा पांढरा झाला. डोळ्यात मोतीबिंदू पडतो तसा, पुढचा सगळा भाग. घासत गेले तसा चिकट होत गेला, कापसाचे धागे त्यात अडकले.

म्हणजे डाग अप्पांचा होता आणि नास मी केला. पण मी तेव्हा जे बोलले ते त्यांना बोलले.

"तुम्हाला काय कळतं त्यातलं? ट्रक आहे का हा? जिथं तिथं आपलं बोट. तुमच्या ह्या बोटांमुळं माझं वर्ष गेलं."

अप्पांनी बोट शर्टाला पुसलं. शर्टावर पिवळं उमटलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोरी, बापाला असं बोलत्यात व्हय?" मी तिलाही काहीतरी बोलले, ते इथं लिहीत नाही. पांढरा फुगा बसवलेलं विमान, चौकट आणि पानं पिशवीत घातली आणि निघाले. अप्पा शेडमध्ये जाऊन उगाच एका पुसलेल्या काचेला पुसत बसले होते.

कॉलेजात पोचले. प्रयोगशाळेत टेबलं मांडली होती. मी गॅसच्या नळाची तोटी फिरवली. काहीच नाही. दुसरी फिरवली. प्रयोगशाळेचे शिपाई मामा म्हणाले, "त्याच्यात गॅस कुठला बाई? त्यो नळ शोभेचाय. म्या लागल्यापासनं कोरडाच हाय." अकरावीची अख्खी रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा आम्ही त्या कोरड्या नळांसमोर उभं राहून दिलेली. नळाला हात न लावता, निरीक्षणं फळ्यावरून उतरवून.

परीक्षक घड्याळ बघत म्हणाले, "मग? फॅक्टरी बंद?"

"स्टाफरूममध्ये चहाची शेगडी आहे," मी म्हणाले. "कॉइलची. ती आणा."

"ती स्टाफची आहे," मॅडम म्हणाल्या.

"विद्यार्थ्यांसाठी ज्योत नाही आणि चहासाठी आहे, असं मी फॉर्मवर लिहून देते. त्यावर तुम्ही सही करा."

शेगडी आली. तिच्या कडेनं चहाचं ओघळलेलं दूध जळून काळं झालं होतं. प्राचार्यांना बोलावलं गेलं. पोरं गोळा झाली. मी पिशवी उलटी केली. चौकट, पानं, चिमटे. साचा नव्हता. तो घरी ओट्यावर होता. रागाच्या भरात मी सगळं उचललं होतं, तेवढं एक सोडून.

परीक्षक म्हणाले, "आता साचा विसरला. मग म्हणशील पान विसरलं." पोरं खिदळली. त्या क्षणी मला वाटलं, लिहून टाका विकतचा, संपवा एकदाचं.

दारात कुणीतरी खाकरलं. अप्पा होते. अंगावर तोच शर्ट, पिवळ्या डागाचा. हातात काच पुसायच्या मऊ फडक्यात गुंडाळलेला साचा. शेडवर गिऱ्हाईक सोडून आले होते, हे मला नंतर कळलं. दोरी अर्धी ओढलेली, काच अर्धी बसलेली, आणि ड्रायव्हरला म्हणाले, जरा धरून थांब.

"हे राह्यलं हुतं," ते म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही. साचा टेबलावर ठेवला.

"तुम्ही वडील का?" परीक्षकांनी विचारलं. "तुम्ही बाहेर थांबा. नाहीतर लोक म्हणतील बापानं करून दिलं."

"मला कुठलं येतंय, साहेब. म्या तर खराब करून ठेवलंय," अप्पा म्हणाले आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

साच्याचा दांडा मी टेबलाच्या फटीत रोवला. कॉइलचा ताव गॅसपेक्षा कडक निघाला. पहिलं पान लाटांवर आलं आणि मधेच फुटलं, भोकाच्या कडा वळून काळ्या झाल्या. वास सुटला. मॅडमनी पदर नाकाला लावला. कुणीतरी मागून म्हणालं, "पापड जळला." मी दुसरं पान आवळलं. या वेळी चौकट हातभर वर धरली. लाटा आल्या. गेल्या. पान ताणलं गेलं. इथं आई नव्हती ओरडायला. पोट सुटताना दिसलं, मी मनातच साकु म्हटलं आणि साच्यावर दाबलं. मनात वीस मोजेपर्यंत हात हलवला नाही. सोडला तेव्हा फुगा साच्यावर बसला होता. कडेनं कात्रीनं कापून काढला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टीत इथं टाळ्या वाजतात. परीक्षकांनी फुगा घेतला, खिडकीशी धरला, आतून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा उसनी घेतलेली खुर्ची परत द्यावी लागल्यासारखा झाला.

"जमलंय," ते म्हणाले. प्राचार्य म्हणाले, "मग बदला सर शब्द." त्यांनी विकतचा हा शब्द एका रेघेनं खोडला आणि लिहिलं, स्वनिर्मित. माझ्यासमोर. मला वाटलं संपलं.

मग ते विमानाकडं वळले. "पण हे काय? हे तर पांढरं पडलंय."

"तो काल चांगला होता. तुम्ही बघितलाय. हा नवा त्याच्यावर बसवते, पाच मिनिटं द्या."

"आता बदल चालत नाही. जे मांडलंय तेच धरायचं." आणि स्वनिर्मितच्या खाली त्याच लाल पेनानं लिहिलं, सफाई कमी.

काल सफाई होती म्हणून माझं नव्हतं. आज माझं ठरलं म्हणून सफाई नव्हती. बक्षीस धरणाला गेलं. त्याच्या वडिलांनीच ते दिलं, पाहुणे तेच होते.

मी फॉर्म आणि नवा फुगा घेऊन व्हरांड्यात आले. अप्पांनी विचारलं, "काय लिव्हलंय?"

"स्वनिर्मित," मी वाचलं. खालची ओळ वाचली नाही.

"म्हन्जे?"

"मी केलंय असं."

"मग झालं की," अप्पा म्हणाले. "चल, त्यो ड्रायव्हर काच धरून हुबा हाय."

दुसऱ्या आठवड्यात मी कोरड्या गॅसनळांवर एक पान लिहिलं आणि त्याच झेरॉक्सच्या दुकानातून प्रती काढून कॉलेजच्या फाटकावर चिकटवल्या. ते माझं पहिलं पत्रक. तासाभरात फाडलं. नळ अजून कोरडेच आहेत, मी मागच्या महिन्यात जाऊन फिरवून बघितले.

सकाळच्या त्या बोलण्याची माफी मी अप्पांकडं मागितली नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही, आणि पद्धत नाही हे कारण मला सोयीचं पडलं, हेही खरं. अप्पांनी पुढं कधी माझ्या फुग्याला बोट लावलं नाही. दसऱ्याला हत्यारांची पूजा केली तेव्हा हातोडी, पाना, काच कापायचा हिरा यांच्या ओळीत साचा मांडला आणि त्याला हळदकुंकू लावलं. मला म्हणाले, "साच्याला लावलंय. काचंला न्हाय."

लांबी हळद पिते. मी घासलं, निघालं नाही. आणखी घासलं तर साच्याचा आकार बिघडेल. त्यामुळं आता त्या साच्यावरून ओढलेल्या प्रत्येक फुग्याच्या आतल्या बाजूला, पुढं खालच्या कोपऱ्यात, फिका पिवळा ठिपका येतो. काम म्हणून ते वाईटच आहे. त्या परीक्षकानं बघितलं तर परत सफाई कमी लिहील. दर वेळी फुगा उजेडात धरला की मी चिडते, आणि नवा साचा कोरायला घेत नाही.